फोन चार्ज होत नाही? आधी काय तपासायचं, मग काय, आणि कुठे थांबायचं

फोन चार्ज होईना की बहुतेक जण केबल आणि अडॅप्टर एकदमच बदलून बघतात, नाहीतर टाचणी घेऊन पोर्ट (फोनला केबल लावायचं भोक) कोरायला बसतात, नाहीतर "बॅटरीच गेली" म्हणून मोकळे होतात. दोन्ही वस्तू एकदम बदलल्या तर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. टाचणीने नसलेला दोष तयार होतो. आणि बॅटरीवर आळ घेतला की चांगली बॅटरी बदलली जाते, फोन मात्र तसाच. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

खाली दिलेला क्रम वीज ज्या वाटेने येते त्या वाटेचा आहे: सॉकेट, अडॅप्टर, केबल, पोर्ट, मग फोनमधली सेटिंग्ज आणि शेवटी बॅटरी व बोर्ड (फोनच्या आतलं सर्किट). बाहेरच्या वस्तू तपासायला सोप्या आणि बदलायला स्वस्त असतात, शिवाय बिघाडही त्यांच्यातच जास्त वेळा निघतो. नियम एकच: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलल्यावर काय झालं ते बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

## आधी हे बघा. यातलं काही दिसलं तर चार्जिंगला लावूच नका

- फोनची मागची बाजू फुगलेली आहे, स्क्रीन एका कडेने उचलली आहे किंवा सपाट टेबलावर ठेवलेला फोन आता डुगडुगतो आहे. ही फुगलेली बॅटरी. फोन बंद करा. दाबून बसवायचा प्रयत्न करू नका, उघडू नका. पेट घेईल अशा वस्तूंपासून लांब ठेवा आणि दुरुस्ती केंद्रात न्या.
- जळका वास येतो आहे, केबलच्या टोकाचं प्लास्टिक वितळलं आहे, किंवा अडॅप्टर हात लावू नये इतका तापतो आहे. आधी सॉकेटचं बटण बंद करा, मग प्लग काढा. ती केबल किंवा अडॅप्टर "शेवटचं एकदा बघू" म्हणून पुन्हा लावायचा नाही.
- फोन नुकताच भिजला आहे. मग मधले टप्पे सोडा आणि थेट टप्पा ६ वाचा.

## तयारी

बॅटरीत थोडा जरी जीव उरला असेल तरी तो चाचण्यांत घालवू नका. आधी बॅकअप घ्या. बॅटरी १२ टक्क्यांवर असताना लोक पाऊण तास केबली हलवत बसतात, आणि फोन बंद पडल्यावर आठवतं की फोटो कुठेच साठवलेले नाहीत. ब्राइटनेस कमी करा, बॅटरी सेव्हर लावा, महत्त्वाचे फोटो, नंबर आणि कागदपत्रं दुसरीकडे पाठवा. पुढची सगळी कामं त्यानंतर.

मग हे जवळ ठेवा: एक टॉर्च, एक-दोन लाकडी टूथपिक, एक कोरडा मऊ ब्रश, तुमच्या फोनला बसणारी दुसरी केबल, दुसरा अडॅप्टर आणि तसाच पोर्ट असलेला दुसरा फोन. दुसरी केबल आणि दुसरा अडॅप्टर "खात्रीचे" हवेत. खात्रीचे म्हणजे त्यांच्यावर दुसरा फोन चार्ज होताना आत्ता तुम्ही स्वतः पाहिला आहे. ड्रॉवरमध्ये पडलेली जुनी केबल खात्रीची नसते. ती तिथे का पडली आहे हे बऱ्याचदा आपणच विसरलेलो असतो.

## टप्पा १: लक्षण नेमकं कोणतं?

"चार्ज होत नाही" या एका तक्रारीखाली निदान सहा वेगळी दुखणी असतात. तुमचं कोणतं ते आधी ठरवा.

- केबल लावली तरी चिन्ह नाही, आवाज नाही, काहीच नाही: टप्पा ३ पासून क्रमाने.
- केबल विशिष्ट कोनात धरली तरच चालतं, चिन्ह येतं-जातं: टप्पा ४ उरकून टप्पा ५. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.
- चार्जिंगचं चिन्ह आहे, पण टक्के वाढत नाहीत किंवा फार सावकाश वाढतात: टप्पा ४ मधला वॅटचा भाग आणि टप्पा ७.
- ८० टक्क्यांवर किंवा त्याच्या आसपास थांबतो: थेट टप्पा ७.
- पाण्याच्या थेंबाचं चिन्ह किंवा ओलाव्याचा इशारा: टप्पा ६.
- स्क्रीन पूर्ण काळी, फोन सुरूच होत नाही: टप्पा २.

शेवटच्या प्रकारात एक खात्री आधी करून घ्या. दुसऱ्या फोनवरून आपल्या नंबरवर कॉल लावा. रिंग वाजली किंवा फोन थरथरला, तर फोन चालू आहे आणि बिघाड स्क्रीनचा आहे. मग चार्जिंगच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

## टप्पा २: पूर्ण बंद पडलेल्या फोनला वेळ द्या

लिथियम-आयन बॅटरी फार खाली गेली की फोन तिला लगेच पूर्ण करंट देत नाही. आधी अगदी थोडा करंट देऊन व्होल्टेज सुरक्षित पातळीवर आणलं जातं, आणि तोवर स्क्रीन पेटवण्याइतकीही ताकद बॅटरीत नसते. महिनोन् महिने कपाटात पडून राहिलेला फोन असेल तर हे हमखास होतं. केबल लावून दोन मिनिटांत "मेला" असा निकाल देणं ही इथली नेहमीची चूक.

असं करा:

१. खात्रीचा अडॅप्टर आणि खात्रीची केबल वापरून फोन थेट भिंतीवरच्या सॉकेटला लावा. कॉम्प्युटरच्या पोर्टला लावू नका. साधा यूएसबी २.० पोर्ट प्रमाणानुसार ०.५ अँपिअर, म्हणजे अडीच वॅटच देतो.

२. किमान ३० मिनिटं हात लावू नका. दर मिनिटाला पॉवरचं बटण दाबत राहिलात तर जमा होणारी थोडीशी वीज फोन सुरू व्हायच्या धडपडीतच संपते.

३. अर्ध्या तासाने, केबल तशीच लावलेली ठेवून, फोन सक्तीने रिस्टार्ट करा. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या मॉडेलांमध्ये आवाज वाढवायचं बटण दाबून सोडायचं, आवाज कमी करायचं बटण दाबून सोडायचं, मग बाजूचं बटण अॅपलचं चिन्ह येईपर्यंत धरून ठेवायचं. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण १० ते २० सेकंद एकत्र धरावं लागतं. काहींत नुसतं पॉवरचं बटण ३० सेकंद.

सावधान: अँड्रॉइडवर बटणं धरल्यावर कधी कधी काळ्या पडद्यावर इंग्रजी मेनू उघडतो. घाबरू नका. आवाजाच्या बटणांनी खाली-वर जाऊन 'रीबूट' किंवा 'स्टार्ट' निवडा. 'वाइप' किंवा 'फॅक्टरी रीसेट' असं लिहिलेल्या ओळीला हात लावू नका, सगळा डेटा जाईल.

फोन सुरू झाला तर त्याला सलग चार्ज होऊ द्या. नाही झाला तर पुढे चला. अजून काहीही सिद्ध झालेलं नाही.

## टप्पा ३: सॉकेट

हे एका मिनिटाचं काम आहे. त्याच सॉकेटमध्ये दुसरं काहीतरी लावून बघा. एक्स्टेन्शन बोर्ड मध्ये असेल तर तो काढून अडॅप्टर थेट भिंतीत लावा. अडॅप्टर सॉकेटमध्ये सैल बसतो आहे का, हात लावला की लटपटतो का, हेही बघा. सैल सॉकेटमध्ये ठिणग्या पडतात आणि अडॅप्टरच्या पिना काळ्या होतात. तसं दिसलं तर दुरुस्ती सॉकेटची करून घ्यायची आहे, फोनची नाही.

## टप्पा ४: अडॅप्टर आणि केबल वेगवेगळे तपासा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून घाई नको. तुमचा फोन बाजूला ठेवा. आधी चार्जर तपासायचा, आणि तो दुसऱ्या फोनवर.

पहिली चाचणी: तुमचा अडॅप्टर, तुमची केबल, दुसरा फोन. व्यवस्थित चार्ज झाला तर दोन्ही वस्तू ठीक. दोष तुमच्या फोनच्या बाजूला आहे, तिसरी चाचणी करून टप्पा ५ कडे जा.

दुसरी चाचणी (पहिली फसली तर): तुमचा अडॅप्टर, खात्रीची केबल, दुसरा फोन. चाललं तर दोष तुमच्या केबलमध्ये. नाही चाललं तर अडॅप्टरमध्ये.

तिसरी चाचणी: खात्रीचा अडॅप्टर, खात्रीची केबल, तुमचा फोन. ही प्रत्येकाने करायचीच, आधीच्या चाचणीत केबल दोषी सापडली असली तरी. केबलही गेली आणि पोर्टही भरला, असं एकाच वेळी होऊ शकतं.

प्रत्येक चाचणीला पाच मिनिटं द्या आणि सुरुवातीचे व शेवटचे टक्के कागदावर लिहा. चिन्ह दिसलं म्हणजे चार्जिंग होतंय असं धरू नका.

केबल डोळ्यांनीही बघा. ती बहुधा टोकाशी, जिथे प्लग संपून तार सुरू होते तिथे तुटते, कारण रोजची मोड तिथेच पडते. बाहेरचं आवरण शाबूत आणि आतली तार तुटलेली, असंही होतं. प्लगच्या धातूच्या पट्ट्यांवर हिरवट थर किंवा काळा डाग दिसला तर केबल टाकून द्या. ती पुसून वापरली की तोच डाग काही दिवसांनी फोनच्या पोर्टमध्ये दिसतो.

### एका बाजूनेच चालणारी यूएसबी-सी

यूएसबी-सीचा प्लग दोन्ही बाजूंनी लागायला हवा. एका बाजूने चार्ज होतो आणि उलटा केला की होत नाही, असं असेल तर दोष प्लगमध्ये आहे की पोर्टमध्ये, हे असं शोधा: तीच केबल दुसऱ्या फोनला दोन्ही बाजूंनी लावा. तिथेही एकच बाजू चालली तर केबल गेली. तिथे दोन्ही चालल्या आणि तुमच्या फोनवर मात्र कोणतीही केबल एकाच बाजूने चालते, तर तुमच्या पोर्टमधल्या एका ओळीचे संपर्क (वीज नेणाऱ्या धातूच्या पट्ट्या) घाण झाले आहेत किंवा झिजले आहेत. टप्पा ५.

### चार्ज होतो, पण सावकाश: वॅट मोजा

अडॅप्टरवर बारीक अक्षरांत 'आउटपुट' लिहिलेलं असतं. तिथले व्होल्ट आणि अँपिअर गुणा, वॅट मिळतील. ५ व्होल्ट आणि १ अँपिअर म्हणजे ५ वॅट. ९ व्होल्ट आणि २ अँपिअर म्हणजे १८ वॅट. मोठ्या बॅटरीच्या फोनला जुना ५ वॅटचा अडॅप्टर लावला तर तो बिघडलेला नाही, फक्त अपुरा आहे. स्क्रीन चालू असताना आणि नेटवर्क कमकुवत असताना फोन जवळपास तेवढीच वीज खातो, मग टक्के जागचे हलत नाहीत.

पण अडॅप्टरवर मोठा आकडा आहे म्हणून तो तुमच्या फोनला मिळेलच असं नाही. जलद चार्जिंगसाठी फोन, अडॅप्टर आणि केबल या तिघांना एकच पद्धत कळावी लागते. कळली नाही तर फोन साध्या ५ व्होल्टवर उतरतो आणि सावकाश चार्ज होतो. काही कंपन्यांची जलद चार्जिंगची पद्धत स्वतःची आहे, तिला त्यांचाच अडॅप्टर लागतो आणि पुष्कळदा त्यांचीच केबल. अडॅप्टर मूळचा ठेवून नुसती केबल बदलली आणि वेग पडला, तर कारण बहुधा हेच.

दोन-तीन पोर्टचा अडॅप्टर असेल तर बाकीची उपकरणं काढून बघा. लिहिलेले वॅट अनेकदा सगळ्या पोर्टांत मिळून असतात.

तपासून पुढे जा: खात्रीच्या अडॅप्टर-केबलवर तुमचा फोन नीट चार्ज झाला? मग इथेच थांबा, दोषी वस्तू बदला. पोर्ट कोरायची, सेटिंग्ज उलथीपालथी करायची काही गरज नाही.

## टप्पा ५: पोर्ट

खिशात किंवा पर्समध्ये राहणाऱ्या फोनच्या पोर्टमध्ये कपड्याचे तंतू आणि धूळ जात राहते. आपण प्लग लावतो तेव्हा तीच धूळ आत ढकलली जाते. असं महिनोन् महिने झालं की पोर्टच्या तळाशी कापसाची गच्च वडी बसते. प्लग पूर्वी जितका आत जायचा तितका जात नाही आणि संपर्क अर्धवट होतो. मग आपण केबल कोनात धरतो, तिच्यावर वजन ठेवतो, आणि "पोर्ट सैल झाला" असं म्हणतो. सैल पोर्ट म्हणून दुरुस्तीला जाणाऱ्या फोनांपैकी बरेच फक्त भरलेले असतात.

### आधी खात्री

कव्हर काढा. जाड कव्हरमुळे प्लगचं डोकं अडतं आणि तो शेवटपर्यंत जात नाही. नव्या कव्हरबरोबरच तक्रार सुरू झाली असेल तर उत्तर इथेच मिळालं.

मग प्लग लावून बाजूने बघा. प्लग पूर्ण बसला की त्याचा धातूचा भाग जवळजवळ दिसत नाही, आणि बसताना हलकासा 'टक्' जाणवतो. एक मिलिमीटरभर धातू बाहेर दिसत असेल, किंवा शेवटी कडक न लागता मऊ लागत असेल, तर आत काहीतरी आहे. टॉर्च तिरपी धरून बघा. समोरून सरळ प्रकाश टाकला तर दाबलेला राखाडी थर पोर्टच्या तळासारखाच दिसतो आणि फसायला होतं.

### साफ करायची पद्धत

१. फोन पूर्ण बंद करा. नुसता स्क्रीन लॉक नाही. केबल काढलेली हवी.

२. टूथपिकचं टोक चाकूने तासून पातळ आणि चपटं करा. यूएसबी-सीच्या पोर्टमध्ये मधोमध एक पातळ जीभ असते आणि सगळे संपर्क तिच्यावर असतात. टूथपिक जायला हवी ती जीभ आणि बाहेरची भिंत यांच्यामधल्या फटीत. जाड टोक घुसवलं तर जीभ वाकते किंवा तुटते, आणि मग पोर्ट बदलण्यावाचून इलाज नाही. आयफोनच्या जुन्या लायटनिंग पोर्टमध्ये जीभ नसते, म्हणून तो साफ करायला सोपा. मात्र आतल्या संपर्कांवर तिथेही खरवडायचं नाही.

३. फोन असा धरा की पोर्टचं तोंड खाली राहील. निघालेला कचरा बाहेरच पडायला हवा.

४. टोक एका कोपऱ्यात तळापर्यंत हलकेच न्या आणि बाहेरच्या दिशेने ओढा. ढकलायचं नाही, ओढायचं. पहिल्या दोन-चार वेळा काहीच येत नाही, मग एकदम गोळा सुटून येतो. दोन्ही कोपरे, मग लांब बाजू.

५. शेवटी कोरड्या ब्रशने झटका. पुन्हा टॉर्चने बघा. तळ स्वच्छ दिसला की पुरे.

हे करू नका:

- टाचणी, सुई, स्टेपलरची पिन, सिम काढायची पिन. धातूने संपर्क वाकतात, आणि फोन चालू असेल तर शॉर्ट होतं. "मी नेहमी सुईनेच काढतो, काही होत नाही" असं सांगणारे भेटतात. होईपर्यंत काही होत नाही, हे खरं आहे.
- तोंडाने फुंकर. श्वासात ओलावा असतो.
- हवेचा दाबयुक्त डबा. तो तिरपा झाला की हवेऐवजी द्रव बाहेर येतो, आणि दाबाने कचरा आणखी आत जातो.
- अत्तर, सॅनिटायझर, गंज काढायचा स्प्रे, पाणी. चिकट मळ असेल तर ९० टक्क्यांहून जास्त शुद्धतेचं आयसोप्रोपिल अल्कोहोल ब्रशला जेमतेम लावा, पुसा, आणि फोन सुरू करण्याआधी ते पूर्ण उडून जाऊ द्या.

### साफ केल्यावर

खात्रीची केबल लावा. 'टक्' जाणवला का? प्लग बोटाने अगदी हलका डावीकडे-उजवीकडे हलवा. चिन्ह स्थिर राहिलं तर काम झालं. पोर्ट स्वच्छ आहे, केबल खात्रीची आहे, तरी हलवल्यावर चिन्ह जातं, तर मात्र पोर्ट खरोखर झिजला आहे किंवा बोर्डवरून सुटला आहे. टप्पा ९.

## टप्पा ६: ओलावा

ओलाव्याचा इशारा आला म्हणजे फोन स्वतःला वाचवतो आहे. ओल्या संपर्कांतून करंट गेला की ते झपाट्याने गंजतात. म्हणून केबल लगेच काढा, दुसऱ्या टोकाने सॉकेटमधूनही.

पोर्टचं तोंड खाली करून फोन तळहातावर हलकेच आपटा. मग वारा लागेल अशा कोरड्या जागी ठेवा, पंख्यासमोर ठेवला तरी चालेल. निदान अर्ध्या तासाने पुन्हा प्रयत्न करा. इशारा परत आला तर वाट बघा. पूर्ण वाळायला २४ तास लागू शकतात.

तांदळाच्या डब्यात ठेवू नका. त्याची पीठूळ धूळ आणि बारीक कण पोर्टमध्ये जातात. अॅपलनेही आपल्या सूचनांत तांदूळ टाळायला स्पष्ट सांगितलं आहे. हेअर ड्रायरही नको. गरम हवेने पाण्यापासून बचाव करणारा आतला गोंद सैल होतो. पोर्टमध्ये कापसाचा बोळाही घालू नका.

फोनमध्ये वायरलेस चार्जिंग असेल तर मागची बाजू पुसून त्यावर तात्पुरतं चार्ज करता येतं. काही फोन इशारा डावलून चार्ज करायचा पर्याय देतात. खरंच आणीबाणी असेल तरच तो वापरा.

समुद्राचं पाणी, चहा, सरबत सांडलं असेल तर गोष्ट वेगळी. पाणी उडून जातं, मीठ आणि साखर आतच राहते. असा फोन वरून वाळलेला दिसला तरी चालू न करता उघडून साफ करून घेतलेला बरा.

फोन दोन दिवस कोरडा आहे, तरी इशारा जात नाही? केबलचा प्लग ओला किंवा मळका आहे का बघा, दुसरी केबल लावा, फोन रिस्टार्ट करा आणि टप्पा ५ प्रमाणे पोर्ट साफ करा. मळामुळेही ओलाव्याचा भास होतो.

## टप्पा ७: फोनच्या आत

इथवर आलात म्हणजे बाहेरचं सगळं ठीक आहे. आता आतलं.

रिस्टार्ट. आधी साधा रिस्टार्ट. क्षुल्लक वाटतो म्हणून लोक वगळतात, पण चार्जिंगवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर अडकलं असेल तर एवढ्यानेच सुटतं.

८० टक्क्यांवर थांबणं. हा बिघाड नाही. बॅटरी सतत १०० टक्क्यांवर राहिली तर लवकर म्हातारी होते, म्हणून फोन मुद्दाम थांबतात. आयफोनमध्ये २०१९ च्या आयओएस १३ पासून 'ऑप्टिमाइज्ड बॅटरी चार्जिंग' आहे, आयफोन १५ पासून पक्की मर्यादाही लावता येते. सॅमसंगमध्ये 'बॅटरी प्रोटेक्शन', गुगलच्या पिक्सेलमध्ये 'अडॅप्टिव्ह चार्जिंग'. सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर ते बंद करता येतं. माझ्या मते बंद न करणंच चांगलं, पण लांबच्या प्रवासाआधी एका रात्रीपुरतं हरकत नाही.

तापमान. लिथियम-आयन बॅटरी साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअस या पट्ट्यातच चार्ज करायची असते. त्याबाहेर गेली की फोन चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. उन्हात डॅशबोर्डवर नकाशा लावून ठेवलेला फोन चार्ज होत नाही, तो याचमुळे. कव्हर काढा, सावलीत ठेवा, वापर थांबवा. फ्रिजमध्ये ठेवू नका, आत दव धरेल.

खर्च जास्त, आवक कमी. हॉटस्पॉट, गेम, व्हिडिओ कॉल चालू असताना चार्जिंग दिसतं, पण टक्के घटतात. फोन पूर्ण बंद करा, खात्रीच्या चार्जरला ३० मिनिटं लावा, आधीचे आणि नंतरचे टक्के लिहा. बंद असताना भराभर वाढले आणि चालू असताना नाही, तर एखादं अॅप वीज खातं आहे. बॅटरीच्या पानावर कोणतं अॅप किती खातं ते दिसतं. अँड्रॉइड असेल तर सेफ मोडमध्ये (त्यात तुम्ही घातलेली अॅप्स बंद राहतात) सुरू करून बघा. बऱ्याच फोनमध्ये पॉवर मेनूतल्या 'पॉवर ऑफ'वर बोट दाबून ठेवलं की तो पर्याय येतो. तिथे नीट चार्ज झाला तर अलीकडे घातलेली अॅप्स एकेक करून काढा.

उलटा प्रवाह. दोन्ही टोकांना यूएसबी-सी असलेल्या केबलने फोन लॅपटॉपला किंवा दुसऱ्या फोनला जोडला असेल, तर तुमचाच फोन समोरच्याला वीज देत असण्याची शक्यता असते. सूचनांच्या पट्टीत यूएसबीचा पर्याय उघडून दिशा बदला.

फॅक्टरी रीसेट करू नका. चार्जिंगच्या तक्रारीत त्याचा उपयोग क्वचितच होतो, आणि बॅटरी कमी असताना मध्येच फोन बंद पडला तर नवीच भानगड.

## टप्पा ८: दोष पोर्टचा की बॅटरीचा?

फोनमध्ये वायरलेस चार्जिंग असेल तर ही चाचणी सोपी आहे. कव्हर आणि त्यात खोचलेली कार्डं काढा, फोन पॅडच्या मधोमध ठेवा, अर्धा तास थांबा. टक्के वाढले तर बॅटरी वीज घेते आहे आणि संशय पोर्टवर. वायरलेसनेही काही होत नसेल तर संशय बॅटरी किंवा मुख्य बोर्डवरच्या चार्जिंग चिपवर.

वायरलेस नसेल तर यूएसबी मीटर मिळतो का बघा. अडॅप्टर आणि केबलच्या मध्ये बसणारं हे छोटं यंत्र व्होल्ट आणि अँपिअर दाखवतं. चाचणी फोन २० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान असताना करा, कारण भरत आलेली बॅटरी तसाही कमी करंट घेते. अँपिअर शून्य राहिले तर फोन वीज घेतच नाही. ५ व्होल्टवर अर्ध्या अँपिअरच्या आसपास अडकला तर फोन आणि अडॅप्टरमधली जलद चार्जिंगची बोलणी फसली आहेत. ९ व्होल्टवर चढला तर केबलपासून पोर्टपर्यंतची वाट मोकळी आहे.

बॅटरी म्हातारी झाल्याच्या खुणा वेगळ्या असतात: २०-३० टक्क्यांवर फोन एकदम बंद होणं, चार्जरला लावताच टक्के उडी मारणं, १०० टक्के भरून दोन तासांत संपणं. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये बॅटरीची उरलेली क्षमता दिसते. ती ८० टक्क्यांखाली गेली की बदलायचा विचार करावा. "केबल लावली तरी काहीच होत नाही" ही म्हातारपणाची खूण नाही.

## टप्पा ९: दुरुस्तीला देताना

"चार्ज होत नाही" एवढंच सांगू नका. कोणत्या चाचण्या केल्या, काय झालं, वायरलेस चालतं का, कधी भिजला होता का, हे लिहून न्या. भिजल्याचं लपवू नका. आतल्या खुणा ते सांगतातच, फक्त शोधण्यात वेळ जातो.

बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पोर्ट मुख्य बोर्डवर नसून तळाच्या एका छोट्या बोर्डवर असतो, आणि तो अख्खा बदलता येतो. म्हणून आधी पोर्टची सफाई, मग छोटा बोर्ड, मग बॅटरी, आणि मुख्य बोर्ड सगळ्यात शेवटी, असा क्रम धरायला सांगा. सुरुवातच मुख्य बोर्डपासून होत असेल तर दुसरं मत घ्या. बदललेला जुना भाग परत मागा.

फोन देण्याआधी सिम आणि मेमरी कार्ड काढा. फोन चालू असेल तर सॅमसंगमधला मेंटेनन्स मोड किंवा पिक्सेलमधला रिपेअर मोड लावा, म्हणजे पासवर्ड न देता चाचण्या होतात आणि तुमचे फोटो, मेसेज झाकलेले राहतात. आणि एकदा उघडलेला फोन पूर्वीइतका पाण्याला तोंड देईल असं गृहीत धरू नका.

परत घेताना तिथेच उभं राहून बघा. प्लग दोन्ही बाजूंनी लावा, तुमच्याच अडॅप्टरवर जलद चार्जिंगचं चिन्ह येतं का पाहा. मग कॉल लावून बोला, स्पीकरवर ऐका आणि नेटवर्कच्या रेषा मोजा. तळाच्या छोट्या बोर्डवर पोर्टच्या शेजारीच माइक असतो आणि अँटेनाची तारही बऱ्याचदा तिथेच जोडलेली असते. नवा बोर्ड हलक्या दर्जाचा असला किंवा ती तार नीट बसली नसली, तर फोन झकास चार्ज होतो आणि समोरच्याला तुमचा आवाज जात नाही.